सातव्या खांबाची माती

३ नोव्हें., रवि.
आईनं आज दुसऱ्या दिवशीही भाकरी परत केली. दुधात कुस्करून दिली तेव्हा दोन घास. डॉक्टर म्हणतो आजार काही नाही, वय झालंय. ब्याऐंशी असेल. दाखला कुणाकडं आहे.

दु. हाक मारून जवळ बसवून घेतलं. कपाळावर भस्म, गळ्यातलं लिंग मुठीत धरलेलं. म्हणाली, "मला बसवताल तवा त्यांची माती टाका खड्ड्यात. त्यांच्या शेजारी काई मला जागा मिळत न्हाई आता."

आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर लिंग ठेवतात आणि वरून माती लोटतात. नवऱ्याशेजारी बायकोला जागा मिळाली तर तिचं सोनं झालं म्हणायचं. वडील तिकडं तेलुगू मुलखात कोळशाच्या खाणीवर, ट्रामच्या लाईनीवर कामाला होते. तिथंच कोळशाचा डबा अंगावर येऊन गेले. मी पाच वर्षांचा. लाईनीच्या कडेलाच कुठंतरी बसवलं एवढं माहीत. आई महिन्याभरात मला घेऊन सोनपेठला, माहेरी आली ती आलीच.

एसटीत छत्तीस वर्षं कंडक्टरकी केली. जगाला तिकिटं फाडून दिली, स्वतः तिथं एकदाही गेलो नाही. सुट्टी नव्हती असं म्हणायला जागा नाही. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

५ नोव्हें.
पालमच्या बसलिंगकाकांना फोन. वडिलांबरोबर लाईनीवर होते. त्यांना बसवणाऱ्या तिघांपैकी एवढेच उरलेत. कानानं कमी ऐकतात, मला घसा फोडून बोलावं लागलं, निम्म्या गल्लीला आमचा कारभार कळला.

त्यांनी वेगळंच सांगितलं. तिकडच्या एका ओळखीच्याकडून कळलंय की जुन्या खाणीच्या वर आता उघडी खाण करायलेत. यंत्रं लावून सगळा डोंगर उचलायचा. ट्रामची जागा पण त्यातच. म्हणजे वडिलांची…

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग बसलात काय? जावा की."

जावं, पण जाऊन उभं कुठं राहायचं? दीड मैल लाईन होती म्हणतात.

७ नोव्हें., गुरु.
पालमला जाऊन आलो. गंगाखेडला गाडी बदलली. ओळखीचा कंडक्टर भेटला, त्यानं खिडकीची जागा दिली. या बाजूला बसून प्रवास करायची अजून सवय नाही, हात सारखा बॅगेकडं जातो.

काका ओसरीवर बाजेवर होते. मी वही काढली तसे हसले. "मास्तर झालास का रं महादू?" पण मग बोलायला लागले ते दोन तास थांबले नाहीत. सगळं उतरवून घेतलं. इथं नीट लिहून ठेवतो, त्यांच्यानंतर हे सांगणारं कुणी नाही.

लाईन निजामाच्या काळातली. रूळ दोन फूट अंतराचे. खाणीच्या तोंडापासून रेल्वेच्या सायडिंगपर्यंत, जिथं कोळसा मालगाडीत भरायचा. आधी डबे रेडे ओढायचे. एक रेडा, तीन डबे, एक हाकणारा. रेडे उन्हात बसून घेत, मग काम बंद. पुढं सायडिंगला इंजनघर बांधलं आणि पोलादी रस्सा आला. रस्सा कायम फिरता, गोल, त्याला शेवट नाही. एका लाईनीनं भरलेले डबे जायचे ती भरती लाईन. शेजारच्या लाईनीनं रिकामे परत यायचे ती खाली लाईन, खाली म्हणजे रिकामी. प्रत्येक डब्याला लोखंडी कडी. चालत्या रश्श्यात ती कडी अडकवायची आणि पोचल्यावर काढायची. हे काम कडीवाल्यांचं. वडील कडीवाले.

काका म्हणाले, चालता रस्सा डोळ्यानं बघायचा नसतो, हातानं बघायचा. नवीन माणसाची बोटं पहिल्या वर्षात जायची. त्यांच्या उजव्या हाताची दोन नाहीत. इतकी वर्षं बघतोय, कधी विचारलं नव्हतं.

बायका सायडिंगला कोळशातले दगड निवडायच्या. आईसुद्धा होती म्हणे दोन वर्षं. तिनं हे कधीच बोलून दाखवलं नाही.

९ नोव्हें.
आईला विचारलं, तू दगड निवडायचीस का. म्हणाली, "मग काय तिथं बसून राहायचं व्हतं?" आणि कूस बदलली.

१३ नोव्हें., बुध.
परत पालम. आज जागेचं विचारायचंच असं ठरवून गेलो.

लाईनीच्या कडेनं घंटीची तार होती. कुठंही काही घडलं की तार ओढायची, इंजनघरात घंटी वाजते, रस्सा थांबतो. त्या तारेचे खांब म्हणजे जुने रूळच, उभे गाडलेले. एकूण तेवीस. लाईनीवरची सगळी माणसं जागा खांबावरून सांगायची. कुठं जेवायचं, कुठं कडी तुटली, सगळं खांबावर. आमच्याकडं एसटीचे थांबे तसं.

एक नंबर कुठला, विचारलं. काका म्हणाले खाणीच्या तोंडापाशी. तिथून पुढं दोन, तीन. लिहून घेतलं.

मग वडिलांचं. त्या दिवशी चढावर एका भरलेल्या डब्याची कडी सुटली. डबा मागं आला. कुणीतरी तार ओढली, पण रस्सा थांबला म्हणून सुटलेला डबा थांबत नाही. जवळच्या गावानं आपल्या रानात जागा दिली नाही. दफनाची आपली जागा तिकडं नव्हती. कंपनीची लाईनीकडेची पट्टी तेवढी गावातल्या कुणाच्या मालकीची नव्हती. तिघांनी तिथं खड्डा घेतला आणि बसवलं. दिवसपाळी चालू होती. डबे बाजूनं जातच होते.

"सातवा खांब. खाली लाईनीच्या अंगाला. दगडं लावली व्हती आमी." हे काकांनी दोनदा म्हटलं. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

परतीच्या गाडीत बसून होतो. बापाचं मरण मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

१९ नोव्हें.
नकाशा काढला. जुन्या कॅलेंडरच्या मागं. खाणीचं तोंड, दोन्ही लाईनी, तेवीस खांब, इंजनघर, सायडिंग. सातव्याला लाल खूण. सौ. म्हणते, नोकरीत असताना घरचा रस्ता सापडत नव्हता आणि आता नकाशे काढायलेत. बोलली तरी शेंगदाण्याचा लाडू आणून ठेवला.

आई आज चमचाभर भात.

२५ नोव्हें.
चार दिवस फोन करून शेवटी खाणीच्या कचेरीतला एक सर्व्हेअर लागला. तेलुगू माणूस, हिंदीत बोलतो. आधी वाटलं असणार, कोण म्हातारा काय मागतोय. मी ट्राम, रस्सा, खांब म्हणालो तसा आवाज बदलला. त्याच्या आजोबांनी पण त्या लाईनीवर काम केलेलं. रूळ कधीच भंगारात गेले म्हणाला, पण खांबांचे बुडखे कुठं कुठं दिसतात. सोमवारी या, तास दोन तास मी सोबत येतो. त्यानंतर तिकडं जाणं बंद होणार.

२ डिसें., सोम.
काल दु. परभणीहून निघालो. रेल्वे, मग बस, मग रिक्षा. आता हे परतीच्या स्टेशनवर बाकावर बसून लिहितोय.

आपलीच गंगा, सोनपेठहून गेलेली, वाटेत दिसली. तिकडं तिचं पात्र केवढं मोठं.

स. आठला सर्व्हेअर आला. डोक्यावर टोपी घालायला लावली. खाणीचं तोंड विटांनी बुजवलेलं. तिथून चालायला सुरुवात केली. लाईन नाही, पण तिची वाट जमिनीवर अजून कळते, वेड्या बाभळीतून सरळ गेलेली. पहिला बुडखा लगेच सापडला. रूळ जमिनीलगत कापून नेलेला. दुसरा नाही. तिसरा, चौथा आहेत. पाचवा-सहावा पावलं मोजून धरले. सातवा स्पष्ट. त्याच्या डावीकडं, म्हणजे खाली लाईनीच्या अंगाला, पाच दगड. गोल लावलेले. मधली जमीन जरा खचलेली.

मी खालीच बसलो. काय काय बोललो आठवत नाही. रडलो, हे खरं. सर्व्हेअर लांब जाऊन पाठ करून उभा राहिला, भला माणूस. बेल नेला होता तो वाहिला, विभूती लावली. धोतराच्या धुतलेल्या फडक्यात तीन ओंजळी माती बांधली.

समोर सायडिंगच्या बाजूला करड्या मातीचा मोठा ढिगारा, त्यावर यंत्रं चढत होती. तो भाग आधीच गेला, सर्व्हेअर म्हणाला. मी म्हटलं आपण वेळेवर आलो.

४ डिसें., बुध.
पुरचुंडी आईच्या हातात दिली. तिनं कपाळाला लावली. मग बराच वेळ छातीशी धरून पडली. सौ. आत जाऊन रडत होती.

संध्याकाळी आईनं स्वतः भाकरी मागितली.

८ डिसें., रवि.
आई उठून बसते. पुरचुंडी उशीजवळ. रोज लिंगपूजा झाली की तिच्यावरही भस्माची तीन बोटं ओढते. काल कुरकुरत होती. कान देऊन ऐकलं, तर वडिलांशी भांडत होती. दगड निवडायला लावलं म्हणून. इतक्या वर्षांचं साचलेलं असणार.

मी इतका समाधानी कधी होतो आठवत नाही. आयुष्यात एक काम नीट केलं.

१५ डिसें., रवि.
पालमला गेलो. काकांसाठी चिमूटभर माती कागदात बांधून. त्यांनी डोक्याला लावली. मग मी हौसेनं नकाशा पसरला आणि सगळं सांगायला लागलो, खाणीचं तोंड, इथून एक, दोन, तीन.

काका नकाशाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तू खाणीकून मोजलास?"

म्हटलं, हो, तुम्हीच सांगितलं की एक नंबर खाणीच्या तोंडाशी.

"ते भरतीचं रं. खाली लाईनीचा एक नंबर सायडिंगला."

कळेना. मग त्यांनी सांगितलं. कडीवाला आपल्या लाईनीच्या डब्यांबरोबर चालतो. डबा जिथून निघतो तिथून मोजायचं. भरतीचे डबे खाणीतून निघतात, तिचा एक नंबर खाणीला. रिकामे डबे सायडिंगहून निघतात, तिचा एक नंबर सायडिंगला. प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी दोन आकडे रंगवलेले. एकीकडं सात असेल तर दुसरीकडं सतरा. लाईनीवरच्या कुणाला हे सांगावं लागायचं नाही. म्हणून त्यांनी मला सांगितलं नाही. खाली लाईनीचा सातवा म्हटलं की झालं.

वडील रेल्वेच्या बाजूला आहेत. त्या करड्या ढिगाऱ्याखाली.

मग ते दगड कुणाचे, विचारलं. काका म्हणाले, "मला ठावं न्हाई. कडंकडंनं लय जण हायेत. ज्याला जागा न्हाई ते सगळे लाईनीलाच."

माझ्या हातातून नकाशा घेऊन त्यांनीच घडी घातली. म्हणाले, माझी चूक. मी म्हटलं नाही हो. पण नुसतं म्हटलं.

१६ डिसें.
छत्तीस वर्षं. जातानाचा पहिला थांबा तो येताना शेवटचा, हे शाळेतलं पोर सांगेल. मी रोज करायचो. आणि बापाच्या वेळी एकदा विचारता आलं नाही, "कुठून मोजायचं, काका?" तीन शब्दांचा प्रश्न. आज स्वतःला किती शिव्या दिल्या ते इथं लिहीत नाही.

आई जेवली. दीड भाकरी.

१७ डिसें.
सौ.ला सांगितलं. मला वाटलं म्हणेल गप राहा, म्हातारी सुखात आहे. तर म्हणाली, सांगा. आणि मग जे म्हणाली ते डोक्यातून जात नाही.

"आपल्याला जसा तुमचा बाप, तसं त्या माणसाचं बी कुणी असंलच की. त्याची माती तुमी आत्याबाईच्या खड्ड्यात घालणार, आन् नाव तुमच्या बापाचं घेणार?"

बरोबर आहे. खड्ड्यात माती टाकताना विधी करणारे स्वामी नाव विचारणार. मोठ्यानं सांगावं लागतं, सगळ्यांदेखत. आणि कोण आहे तो? बाप्या की बाई? लेकरू? आमच्यातलाच की दुसरा कुणी? बसवलेला की आडवा? आई रोज त्याला भस्म लावते आणि भांडते.

२० डिसें.
सर्व्हेअरला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, सायडिंगकडचा सातवा खांब ढिगाऱ्याखालीच असणार, पण कडेला आहे की आत, हे जुन्या नकाशावर मोजावं लागेल. कडेला असेल तर कदाचित काही… खात्री देत नाही. मोजून फोन करतो. तोपर्यंत अम्मांना काही बोलू नका, असंही म्हणाला. ज्यानं त्यानं मला सल्ला द्यावा अशी वेळ आणली मीच.

२४ डिसें., मंगळ.
आज सांगणार होतो. स. चहा घेऊन गेलो, जवळ बसलो. सुरुवात काय करायची तेही ठरवलेलं.

आईच बोलली. "तिथं रेल्वेची शिट्टी आईकू आली का रे?"

म्हणाली, त्यांना बसवत होते तेव्हा मागं इंजन सारखं शिट्टी मारत होतं. इतक्या जवळ की तू कान झाकून घेतलेस. तिला तेवढंच ध्यानात राहिलंय. मला मात्र काहीच आठवत नाही.

मी जिथं बसलो होतो तिथं शिट्टी कुठली. तिथं फक्त यंत्रांची घरघर, तीही लांबून.

"आली," म्हणालो.

"मग त्येच हाय," म्हणाली. चहा सगळा प्याली.

२५ डिसें.
सौ.नं विचारलं, सांगितलं का. नाही म्हणून मान हलवली. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२८ डिसें.
काकांच्या मुलाचा फोन. काका जेवत नाहीत, सारखं सात आणि सतरा म्हणत बसतात. तुम्ही येऊन त्यांची समजूत घाला म्हणाला. मी कुणाची समजूत घालू. पुढच्या आठवड्यात जाईन.

वहीतला ट्रामचा इतिहास परत वाचला. रेडे, रस्सा, तार, खांब, सगळं बरोबर लिहिलंय. शेवटी दोन ओळी वाढवल्या: दोन्ही लाईनींचे आकडे वेगळे. विचारल्याशिवाय जाऊ नये.

३० डिसें., सोम.
सोमवार म्हणून आईनं पूजेला जास्त वेळ लावला. मग मला बोलावलं. पुरचुंडी सोडलेली, शेजारी दुसरं एक फडकं पसरलेलं, तिच्याच जुन्या लुगड्याचं. बोटांनी मातीची मधोमध रेघ पाडत होती. खडे वेचून बाजूला काढलेले. दगड निवडण्याचा हात अजून तसाच आहे.

अर्धी माती लुगड्याच्या फडक्यात ओढली, गाठ मारली.

"ही तुजी," म्हणाली. "तुला बापाच्या मांडीवर बसाया मिळालं न्हाई. तुजा वकत आला की तुज्या खड्ड्यात टाकाया सांग. तेवढंच बापाजवळ व्हशील."

मी म्हणालो, आई, ती माती… ती बघत होती. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला किती दिसतं, ठाऊक नाही.

"हात पुढं कर," म्हणाली.

केले. दोन्ही.

दु. सर्व्हेअरचा फोन दोनदा वाजून बंद झाला. उचलला नाही. पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात आहे, कुठं ठेवायची ते अजून ठरत नाही.